मुंबईचा कोट पायी कसा पाहावा

मुंबईच्या फोर्ट भागाला जुनी मंडळी कोट म्हणत. ज्या तटामुळे हे नाव पडले तो १८६० च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत पाडला गेला. तरीही कोणती इमारत तटाच्या आतली आणि कोणती तट गेल्यावर उभी राहिलेली, एवढे ध्यानात ठेवले की हा परिसर समजू लागतो. फेरी दुपारी तीनच्या सुमारास सुरू करावी, कारण येथील बहुतेक मोठ्या इमारतींची तोंडे पश्चिमेला असल्याने सकाळी त्या सावलीत राहतात.

सुरुवात तटाच्या आतून, म्हणजे १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या टाऊन हॉलपासून करावी. आज त्याला सगळे एशियाटिक म्हणतात. तीस पायऱ्या चढून आत प्रवेश मिळाला, तर नाना शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा अवश्य पाहावा. समोरचे हॉर्निमन सर्कल ओलांडले की १७१८ चे सेंट थॉमस चर्च लागते. चर्चगेट हे नाव मुळात स्टेशनाचे नव्हे, तर या चर्चकडे येणाऱ्या रस्त्यावरील तटाच्या दरवाजाचे. वीर नरिमन रस्त्याने पश्चिमेकडे चालत गेल्यावर जेथे १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक आहे, तेथेच तो दरवाजा होता.

पुढे ओव्हल मैदानावर मात्र घाई करू नये. मैदानाच्या मध्यभागी पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यास डावीकडून उच्च न्यायालय (१८७८), राजाबाई टॉवर (१८७८), विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह (१८७४) आणि आज दिवाणी व सत्र न्यायालय असलेले जुने सचिवालय (१८७४) अशी रांग दिसते. त्या काळी या इमारतींसमोर थेट बॅकबेचा समुद्र होता. पाठीमागे वळल्यावर दिसणाऱ्या आर्ट डेको इमारती तो समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर १९३० च्या दशकात उभ्या राहिल्या, आणि २०१८ मध्ये युनेस्कोने दोन्ही रांगांना एकत्रितपणे जागतिक वारशाचा दर्जा दिला. उच्च न्यायालयाच्या ज्या दालनात १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेथे त्यांच्या उद्गारांची पाटी आहे. आत जाण्यासाठी ओळखपत्र जवळ ठेवावे आणि छायाचित्रणाचा आग्रह धरू नये. राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा आणि नाव त्यांच्या आईचे.

संध्याकाळी दादाभाई नौरोजी रस्त्याने बोरीबंदरला यावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि समोरची महापालिका (१८९३) या दोन्ही इमारती फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या. टर्मिनसच्या फाटकावरील खांबांवर एका बाजूला ब्रिटनचा सिंह आणि दुसऱ्या बाजूला भारताचा वाघ बसवलेला आहे. गाडी पकडण्याच्या गडबडीत तिकडे सहसा कोणी मान वर करून पाहत नाही.