गोव्यात रेट्रो इमारत: नवख्यांनी आधी कडा शिकाव्यात

अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर वाइल्डवुड नावाचं गाव आहे. 1950-60च्या दशकांत तिथे तिरक्या छपरांची, निऑन पाट्यांची, भडक रंगांची मोटेलं उभी राहिली. पुढे त्यांतली बरीच पाडली गेली, आणि आता काही नव्या इमारती मुद्दाम तोच थाट मिरवतात. गोव्यात किनारपट्टीवर असं काम हाती आलं, की नवखा आर्किटेक्ट आधी आकार काढत बसतो. आमच्या मते सुरुवात कडांपासून करावी. या शैलीचा सगळा नखरा पातळ कडेत आहे, आणि खारी हवा पहिला घाला तिथेच घालते.

छज्जाच घ्या. जुन्या फोटोंतले छज्जे तीन-साडेतीन इंचांचे दिसतात. समुद्राकाठच्या उघड्या काँक्रिटला आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे किमान एम30 प्रतीचं काँक्रिट आणि 45 मिमी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रिटचा थर, लागतो. वरून 45, मग 8 मिमीच्या आडव्या-उभ्या सळया, खालून पुन्हा 45, म्हणजे 106 झाले. खालच्या ड्रिप मोल्डची, म्हणजे पाणी तिथेच टपकावं म्हणून ठेवलेल्या खाचेची, 10 मिमी खोलीही कव्हर खाते, म्हणून 120 धरा. आता हा जाडेपणा लपवायचा. समोरची कड 70 मिमी ठेवा, तिथून 45 अंशांत खाली-आत उतार द्या, ड्रिप मोल्ड उतार संपतो त्याच्या लगेच मागे घ्या आणि सळया कडेपासून 70 मिमी आत थांबवा. रस्त्यावरून बघणाऱ्याला कड 70चीच वाटते.

छज्जाची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. ओतकामाच्या वेळी माणसं तिच्यावरून चालतात, ती खाली दबते आणि भिंतीलगत तडा जातो. सळईला खालून उचलून धरणाऱ्या खुर्च्या जवळजवळ लावा, चालायला वेगळ्या फळ्या टाका, ओतण्याआधी टेपने कव्हर मोजा. टेकू काढताना टोकाकडून भिंतीकडे यायचं. उलट केलंत तर मधल्या काळात टोक टेकूवर राहतं, छज्जा भलत्याच दिशेने वाकतो, आणि त्या ताणासाठी खाली सळईच नसते.

फुलपाखरी छप्पर, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधे उतरणारं, कागदावर झकास दिसतं, पण सगळं पाणी मधल्या पन्हळीत येतं. 60 चौ.मी. छपरावर तासाला 150 मिमीच्या दराने सर कोसळली, तर मिनिटाला 150 लिटर पाणी. पाणी बाहेर जायची तोंडं दोन ठेवा, म्हणजे एकात पाला अडकला तरी दुसरं चालतं. शिवाय पन्हळीच्या काठापेक्षा खाली एक उघडं ओव्हरफ्लो हवंच. तिथून पाणी सांडताना दिसलं की तोंडं तुंबल्याचं कळतं. ते नसेल तर छताला ओल आल्यावर कळेल.

जाळीच्या ब्लॉकची भिंत पश्चिमेला आली, तर पावसाळ्यात ती वाऱ्यासकट पाणी आत घेणार. मागे किमान 600 मिमीचा ओला पट्टा आणि उताराची नाली द्या. जाळीला काच चिकटवू नका, मधे मीठ आणि शेवाळ साठतं. चिरे आणि काँक्रिट जिथे भेटतात तिथे गिलाव्याखाली दोन्ही बाजूंना 150 मिमी तारेची जाळी मारा, नाहीतर गुळगुळीत गुलाबी भिंतीवर सांध्याची रेष उमटते. पॅरापेटचा माथा आतल्या बाजूला उतरता ठेवा, म्हणजे काळे ओघळ दर्शनी भागावर येत नाहीत.

जागेवर ओतलेलं मोझेक या शैलीला शोभतं. पट्ट्या लावून तुकडे पाडा; एक तुकडा 2 चौ.मी.पेक्षा मोठा नको आणि कुठलीही बाजू 2 मीटरपेक्षा लांब नको. 4 ते 7 मिमी खडीला थर 9 मिमी. मशीनची घासाई सात दिवसांआधी केली तर खडी उपटून येते. घासाईचा दगड आधी 60 नंबरचा, मग 120, शेवटी 320; पहिल्या घासाईनंतर भोकं त्याच रंगाच्या सिमेंटने भरून ओली ठेवायची.

निऑनसाठी एलईडी पट्टी वापरा, 24 व्होल्टची, आयपी67 म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारी, आणि तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर घरात. स्क्रू 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. 304 प्रतीवर तपकिरी डाग पडतात. बिलात 316 लिहिलं म्हणून विश्वास ठेवू नका, चाचणी-प्रमाणपत्र मागा. चुंबकाने हा फरक कळत नाही.

खेळकरपणा फक्त आकारातून येतो असंही नाही. पणजीत कांपालला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांच्या कला अकादमीचं नाट्यगृह बघून या. तिथे व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी भिंतींवर प्रेक्षकच रंगवले आहेत. रंगाला कव्हर लागत नाही, सळई लागत नाही. मालकाचं बजेट कमी असेल तर तिरकं छप्पर सोडा, भिंत रंगवा.

आणि हो, आराखडा काढण्याआधी प्लॉटची भरतीरेषा सर्व्हेअरकडून नकाशावर घ्या. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी बांधकामाच्या नियमांच्या, मर्यादेत इमारत बसत नसेल, तर कडेचे 70 मिमी काढण्यात अर्थ नाही.