मोठा सेन्सर, लहान सेन्सर: फोटोतला फरक घरीच ताडून पाहा

कॅमेरा घेताना बहुतेक जण मेगापिक्सेल विचारतात. आधी विचारावं ते सेन्सरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचं माप. फुल फ्रेम ३६ × २४ मिमी, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ (कॅननचा किंचित लहान), मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३. ‘एक इंची’ सेन्सर मात्र १३.२ × ८.८ मिमीचाच असतो. कर्णसुद्धा इंचभर भरत नाही. ते नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या मापावरून आलं आहे.

फरक डोळ्यांनी पाहायचा तर एक फुल फ्रेम आणि एक एपीएस-सी कॅमेरा मिळवा. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे आणि साधारण एकाच काळातले असावेत.

१. संध्याकाळी खोलीत एकच दिवा ठेवा. टेबलावर पितळी समई आणि तिच्यामागे गडद लोकरी शाल, घड्या पडतील अशी.

२. ट्रायपॉड जागचा हलवू नका. फुल फ्रेमला ५० मिमी लेन्स, एपीएस-सीला ३५ मिमी; दोन्हींत चौकट जवळपास सारखीच येते. एकच लेन्स वापरून ट्रायपॉड पुढेमागे केलात तर समई आणि शाल यांचं प्रमाणच बदलतं.

३. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), ऑटो आयएसओ बंद (आयएसओ म्हणजे फोटो किती उजळ करायचा ते सेटिंग), दोन सेकंदांचा टायमर. दोन्हींकडे एफ/४ (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), आयएसओ ३२०० आणि शटर स्पीड एकच.

४. संगणकावर दोन्ही फाइलींचं नॉइज रिडक्शन (ठिपके पुसण्याची सोय) शून्यावर आणा.

आता शालीच्या घड्यांत बघा. एपीएस-सीच्या फोटोत तिथे रंगीत ठिपके जास्त दिसतील, लोकरीची वीण पुसट होईल. समईच्या चकाकत्या कडेवर मात्र फरक शोधावा लागेल. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ सुमारे २.३५ पट, म्हणून तेवढ्याच वेळात एकूण प्रकाशही तेवढा जास्त जमतो. प्रकाश कणाकणाने येतो. कण कमी असले की त्यांच्या संख्येतला चढउतार ठळक होतो, आणि सावलीत ते मुळातच कमी.

५. आता शटर तोच ठेवून फक्त एपीएस-सीला एफ/२.८ आणि आयएसओ १६०० करा. ठिपके जवळपास सारखे होतील, मागची शालही तेवढीच धूसर दिसेल. ही पायरी गाळू नका, सगळ्यात जास्त शिकवते तीच. अंधारात काम करायचं असेल आणि पैसे मोजकेच असतील, तर बॉडी बदलण्याआधी मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स बघा.

चूक होते ती तुलनेत. ४५ मेगापिक्सेलचा फोटो १०० टक्के झूम करून २४ च्या शेजारी ठेवला, तर तो उगाच खराब वाटतो. आधी दोन्ही एकाच आकाराचे करा. फोन या चाचणीत नको, तो अनेक फ्रेम एकत्र करून ठिपके पुसतो.

भर उन्हात, आयएसओ १०० वर, ए-४ छपाईत हा फरक ओळखणं कठीण. पक्ष्यांसाठी तर ३०० मिमीची एकच लेन्स असेल तेव्हा २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सीच सोयीचा: फुल फ्रेममधून तेवढीच चौकट कापली तर हाती जेमतेम १० मेगापिक्सेल उरतात.