आजोच्या पदकाची कड आधी वाचा

आमच्या घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं, "आजो लढाईच्या टायमाक बोटीर होतो." कुठल्या बोटीवर, कशासाठी, किती वर्षं, ते कुणी विचारलं नाही आणि आजोनेही सांगितलं नाही. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारा माणूस 1942 साली गेला, 1946 साली परत आला आणि पुन्हा रापणीला लागला. तो वारल्यानंतर आजीच्या ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी बिस्किटांचा डबा मिळाला. त्यात दोन पदकं आणि एक तारा. असे डबे देवगड-वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत घरोघर आहेत आणि त्यातली पदकं मोडीत जाताना मी पाहिली आहेत. म्हणून पदकावरून माणसाच्या लढाईतल्या नोकरीचा शोध कसा घ्यायचा ते लिहिते.

पहिली गोष्ट, पदक घासू नका. आमच्या काकीने चिंच भिजत घातलीच होती, मी ताटातून पदक उचलून घेतलं. दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटिश सैनिकांना कोरीच मिळाली, हिंदी फौजांच्या पदकांवर मात्र नाव घातलं जाई. गोल पदकाच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर ते असतं. सकाळच्या तिरप्या उन्हात खिडकीशी बसा, भिंग घ्या. तरी लागलं नाही तर बटर पेपर दाबून वरून पेन्सिल फिरवा. आधी नंबर उमटेल, मग नाव, हुद्दा आणि शेवटी 'आर आय एन' ही रोमन अक्षरं, म्हणजे रॉयल इंडियन नेव्ही. नंबर वहीत उतरवा आणि दुसऱ्या माणसाकडून ताडून घ्या. 3 आणि 8 झिजल्यावर सारखेच दिसतात.

नंबरावर मी एवढा भर देते, कारण नावावर विसंबता येत नाही. भरतीच्या वेळी आपल्या माणसांनी बरेचदा स्वतःचं आणि बापाचंच नाव सांगितलं, आडनाव लागलंच नाही. इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानावर. मी पहिल्या अर्जात नाव, आडनाव आणि 'जिल्हा सिंधुदुर्ग' असं लिहिलं, उत्तर आलं की नोंद सापडत नाही. सापडणार कशी? सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 ला. लढाईच्या काळात मालवण, वेंगुर्ला, देवगड सगळं रत्नागिरीतच होतं, आणि सावंतवाडी तर वेगळं संस्थान. अर्जात जुना जिल्हा घाला, गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंगही जोडा.

आता 'बोटीर होतो' याचा उलगडा. कोकणातली पुष्कळ माणसं व्यापारी जहाजांवर खलाशी होती आणि तीही लढाईतच मेली, जगली. घरात फोटो आणि अंगठ्याचा ठसा असलेलं, जहाजांची नावं आणि चढल्या-उतरल्याच्या तारखांचे शिक्के असलेलं पुस्तक असेल तर आजोबा व्यापारी जहाजावर होते. मग जहाजाचं नाव आणि अधिकृत क्रमांक धरून चाला. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'बीटी 381' या मालिकेत त्या काळच्या खलाशांच्या याद्या जहाजाच्या क्रमांकाप्रमाणे लावलेल्या आहेत.

'रिझर्व्हमध्ये होते' असंही घरोघर सांगतात. नौदलाच्या रिझर्व्ह आणि व्हॉलंटियर रिझर्व्ह या दलांत मुख्यतः अधिकारी असत. मच्छीमार पोरगा बहुधा लढाईपुरत्या भरतीत थेट नौदलात गेला असणार. 1939 साली नौदलात दोन हजारांच्या आत माणसं होती, लढाई संपेपर्यंत ती पंचवीस हजारांवर गेली.

पदकं स्वतःच पुष्कळ बोलतात. सिंहाच्या पायाखाली दोन डोक्यांचा ड्रॅगन असेल तर ते वॉर मेडल, 28 दिवसांच्या सेवेलाही मिळे. मागे हिंदुस्थानचा नकाशा असेल तर इंडिया सर्व्हिस मेडल, म्हणजे तीन वर्षांची सेवा. आमचा तारा बर्मा स्टार निघाला, आणि मी जागेवरच बसले. नौदलात हा तारा बंगालच्या उपसागरातल्या कामगिरीसाठी होता. 1945 च्या जानेवारीत अक्याब, म्येबोन, रामरी अशा ठिकाणी ब्रह्मदेशाच्या अराकान किनाऱ्यावर फौजा उतरवल्या, त्यात आपल्या नौदलाची जहाजं होती. तो सगळा मुलूख खाड्यांचा, चिखलाचा, भरती-ओहोटी बघून नाव घालायचा. कोळंबच्या खाडीत वाढलेल्या माणसाला तिथे काय वाटलं असेल, हे विचारायला आता तो नाही.

नौसैनिकांच्या नोंदींसाठी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्यूरो ऑफ सेलर्सला पत्र लिहा. सोबत पदकाच्या कडेचा फोटो, मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद जोडा. ओरोस किंवा रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलात तर अर्ज कसा लिहावा ते विचारता येतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते. माणूस लढाईत मेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव शोधा. ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही, त्यांचीही नावं तिथे आहेत.

अर्ज पाठवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसून एक गोष्ट नक्की विचारा, अंगावर खूण काय होती? सेवेच्या कागदावर ओळखखूण लिहिलेली असते. माझ्यासमोर आजोच्या नावाचे, बापाचं नावही तेच असलेल्या दोघांचे कागद आले, आणि झिजलेल्या नंबरातला एक आकडा मला पक्का लागत नव्हता. एकाच्या कागदावर होतं, उजव्या घोट्यावर व्रण. मी काकीला फोन केला. ती लगेच म्हणाली, "पाकट माशाचो काटो लागल्लो त्येका. पावसाळ्यात तो पाय ओढीतच चलायचो."