टेक्सासमध्ये कोर्टाची तारीख हुकली असेल तर

आयर्व्हिंग, प्लेनो, फ्रिस्को या डॅलसच्या पट्ट्यात नवीन आलेल्यांपैकी कुणीतरी अधूनमधून दबक्या आवाजात विचारतंच, "माझ्या नावावर वॉरंट निघालंय म्हणे, आता काय करू?" मूळ बहुतेक वेळा स्पीडिंगच्या तिकिटात असतं. पुण्यात ई-चलनं साठवून लोकअदालतीची वाट बघायची सवय इथे आणू नका. इथल्या तिकिटावर तुम्ही सही करता, ती ठरल्या तारखेपर्यंत कोर्टापुढे येण्याची हमी असते. गुन्हा कबूल केला असा तिचा अर्थ नाही, पण हमी मोडली की तो वेगळा गुन्हा धरतात.

तारीख गेल्यावर कोर्टाची नोटीस येते ती लायसन्सवरच्या पत्त्यावर, आणि तोवर आपण अपार्टमेंट बदललेलं असतं. यूएससीआयएसला, म्हणजे इमिग्रेशन खात्याला, पत्ता १० दिवसांत कळवायचा हे सगळ्यांना पाठ असतं. डीपीएसला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या टेक्सासच्या खात्याला, ३० दिवसांत कळवायचा हे कुणाच्या गावीही नसतं.

वॉरंट आपोआप मुदत संपून जात नाही. कधीतरी मागचा दिवा बंद आहे म्हणून गाडी थांबवतात, नंबर टाकतात आणि थेट बेड्या. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास अनेक शहरं मिळून जुन्या वॉरंटांची धरपकडही करतात. शिवाय लायसन्सच्या नूतनीकरणाला अडकाठी येते. आपलं लायसन्स व्हिसाच्या मुदतीपुरतंच असतं, त्यामुळे ही अडकाठी आपल्याला इतरांपेक्षा लवकर नडते.

म्हणून पकडलं जाण्याआधी स्वतःहून जा. किरकोळ, म्हणजे क्लास सी गुन्ह्यात हजर न राहिल्याबद्दल निघालेलं वॉरंट, तुम्ही आपणहून येऊन प्रामाणिकपणे प्रकरण मिटवायला लागलात तर न्यायाधीशाने मागे घ्यायचं, असं टेक्सासचा कायदाच सांगतो. शहर पोलिसांचं तिकीट असेल तर म्युनिसिपल कोर्ट. हायवेवरच्या ट्रूपरचं (राज्य पोलीस) किंवा शेरीफचं (काउंटीचे पोलीस) असेल तर 'जस्टिस ऑफ द पीस' हे कोर्ट. आधी क्लार्कला फोन करून 'वॉक-इन', म्हणजे वेळ न ठरवता थेट जाता येतं ते, कधी असतं ते विचारा. जायला धीर होत नसेल तर ट्रॅफिकचा वकील बाँड भरून वॉरंट उठवतो आणि नवीन तारीख घेतो.

घाईघाईत ऑनलाइन दंड भरून मोकळे होऊ नका. दंड भरला की दोषी ठरलात, आणि इन्शुरन्सवाल्यांना ते दिसतं. त्याऐवजी 'डिफर्ड डिस्पोझिशन' मिळेल का ते विचारा: जास्तीत जास्त १८० दिवस नीट वागलात आणि अटी पाळल्यात की केस काढून टाकतात. पैसे नसतील तर तसं न्यायाधीशाला सांगा. हप्ते किंवा समाजसेवा मिळू शकते. हे सांगायला आपल्या लोकांना उगाचच लाज वाटते.

हे सगळं साध्या वाहतुकीच्या तिकिटापुरतं. दारू पिऊन गाडी चालवणं, घरगुती मारहाण किंवा दुकानातली चोरी यातलं वॉरंट असेल तर एकट्याने कोर्टाची पायरी चढू नका. १०० डॉलरच्या आतली चोरी इथे क्लास सीच असते, पण इमिग्रेशनच्या दृष्टीने ती किरकोळ नाही. डिफर्डसुद्धा तिथे दोषसिद्धी धरली जाऊ शकते. आधी फौजदारी वकील गाठा, आणि काहीही कबूल करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाचं मत घ्या.

"वॉरंट आहे, गिफ्ट कार्डने पैसे भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. कोर्ट असे पैसे मागत नाही. शंका असेल तर कोर्टाचा नंबर स्वतः शोधून फोन करा.

केस मिटली की निकालाची शिक्का मारलेली प्रत मागून घ्या आणि लायसन्सवरची अडकाठी निघाली का ते काही दिवसांनी डीपीएसच्या साइटवर तपासा. व्हिसा स्टँपिंगच्या डीएस-१६० या फॉर्ममध्ये अटकेबद्दल विचारतात, ग्रीन कार्डच्या आय-४८५ या फॉर्ममध्ये त्याहून खोलात. प्रत स्कॅन करून पासपोर्टच्या कागदांसोबत ठेवा.