नोंदणी करताना खरा ईमेल कसा झाकावा

संकेतस्थळावर खातं उघडायचं, पण ओळख द्यायची नाही, म्हणून बरेच जण फुकटची वेब प्रॉक्सी शोधतात, म्हणजे आपल्या वतीनं दुसरी साइट उघडून देणारं मधलं संकेतस्थळ. तिथं आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा क्रमांक, झाकला जातो खरा. पण फॉर्ममध्ये नेहमीचाच ईमेल भरला, तर उपयोग काय? दहा दुकानांकडे एकच ईमेल असला की त्या दहा याद्या जुळवायला आयपी लागतच नाही. शिवाय ज्या प्रॉक्सीच्या पानात पत्ता टाकून दुसरी साइट उघडतो, तिथं ब्राउझरमधलं कुलुपाचं चिन्ह प्रॉक्सीपर्यंतचंच असतं. तुमचा पासवर्ड तिचा सर्व्हर वाचू शकतो. तिथून लॉगिन करूच नका.

मध्यस्थ हवा तो ईमेलला. फायरफॉक्स रिले, डकडकगो ईमेल प्रोटेक्शन, सिंपललॉगिन या सेवा तेच काम करतात: साइटला द्यायला पर्यायी पत्ता देतात आणि त्यावर आलेली मेल तुमच्या खऱ्या इनबॉक्समध्ये पाठवतात. आयफोनवाल्यांना ‘साइन इन विथ ॲपल’मध्ये ईमेल लपवायचा पर्याय फुकटच मिळतो. इथं रिलेची पद्धत घेऊ.

१. रिलेच्या साइटवर मोझिला (फायरफॉक्स बनवणारी संस्था) खात्यानं लॉगिन करा. फुकट खात्यात ५ मुखवटे मिळतात, म्हणजे पर्यायी पत्ते.

२. नवा मुखवटा तयार करा. काही अक्षरं-आकडे आणि शेवटी मॉझमेल डॉट कॉम असा पत्ता मिळेल. लगेच त्याला ‘बूटदुकान’ असं काहीतरी नाव द्या. महिन्याभरानं कुठला पत्ता कुणाला दिला होता, हे आठवत नाही.

३. तो पत्ता फॉर्ममध्ये चिकटवा. पासवर्ड नवाच ठेवा. इतरत्र वापरलेला पासवर्ड दिलात तर मुखवट्यावर पाणी पडलं.

४. खात्री करण्याची मेल इनबॉक्समध्ये आली नाही तर स्पॅम बघा. तिथं सापडली तर ‘स्पॅम नाही’ करा.

काही साइट असे पत्ते ओळखून ‘ईमेल चुकीचा’ म्हणतात. मग डकडकगोचा, डक डॉट कॉमनं संपणारा पत्ता वापरून बघा. तो फुकट असतो आणि हवे तितके बनवता येतात. जीमेलमधल्या नावापुढे अधिकचं चिन्ह जोडण्याची युक्ती मात्र इथं कुचकामी: चिन्हापासूनचा भाग काढला की खरा पत्ता समोर.

पुढे ‘बूटदुकान’वर कर्जाच्या जाहिराती यायला लागल्या, तर पत्ता कुठून फुटला ते कळतं. फॉरवर्ड झालेल्या मेलच्या माथ्यावर रिले मुखवटा दाखवतं. तेव्हा मुखवटा पुसू नका, नुसता ब्लॉक करा. पुसलेला परत मिळत नाही, आणि त्या साइटचा पासवर्ड विसरलात तर तो बदलण्याची लिंक कुठेच येणार नाही. उत्तर पाठवायचं असेल तर रिलेमध्ये पैसे भरावे लागतात, हेही ध्यानात ठेवा.

बँक, आयकर, डिजिलॉकर, रेल्वेचं तिकीट इथं खराच ईमेल द्या. मध्यस्थ सेवा बंद पडली तर अडकाल तुम्हीच.

आपल्याकडची खरी अडचण मोबाइल नंबरची. ओटीपीशिवाय पुढे सरकू न देणाऱ्या साइटवर मुखवटा अर्धंच काम करतो. त्यावर उपाय म्हणून, ज्यांवर आलेले संदेश सगळ्यांना दिसतात असे इंटरनेटवरचे फुकटचे नंबर वापरू नका. तुमचा ओटीपी तिथं कुणीही वाचू शकतो आणि खातं ताब्यात घेऊ शकतो. नंबर सक्तीचा असेल आणि साइट तितकी गरजेची नसेल, तर नोंदणी तिथंच सोडून दिलेली बरी.