रेड टाइडच्या दिवसांत दमेकऱ्याने समुद्रकिनारी कसे वागावे

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे टँपा, सारासोटा, फोर्ट मायर्स या पट्ट्यात, मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने राहायला जाणाऱ्या मराठी आईवडिलांना तिथला पांढऱ्या वाळूचा समुद्र दाखवण्याची घाई घरातल्या सगळ्यांनाच असते. त्यांच्यापैकी कुणाला दमा किंवा सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट विकार) असेल, तर मात्र समुद्रावर निघण्यापूर्वी पाच मिनिटे काढून दोन गोष्टी पाहाव्यात: पाण्यात रेड टाइड, म्हणजे विषारी सूक्ष्म शैवालाचा बहर, आहे का, आणि वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे. माझ्या मते यांतली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण पाहत नाहीत.

मेक्सिकोच्या आखातात कॅरेनिया ब्रेव्हिस नावाचे एकपेशीय सूक्ष्म शैवाल अल्प प्रमाणात वर्षभर असतेच. उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरद ऋतूत ते किनाऱ्यापासून दूर वाढू लागते, प्रवाहाबरोबर किनाऱ्याला लागते आणि कधी काही आठवडे, तर कधी कित्येक महिने टिकते. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला बहर २०१९ उजाडला तरी पुरता ओसरला नव्हता. या शैवालाच्या पेशीला कठीण कवच नसते, त्यामुळे फुटणाऱ्या लाटांच्या माऱ्याने ती सहज फुटते आणि तिच्यातील ब्रेव्हेटॉक्सिन हे विष पाण्यात मिसळते. लाटेच्या फेसातील बुडबुडे फुटताना जे बारीक तुषार उडतात, त्यांना चिकटून हे विष हवेत येते आणि वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर पसरते. याचाच अर्थ असा की समुद्र अगदी शांत असेल तर पाण्यात शैवाल भरपूर असूनही हवेत विष कमी असते, आणि लाटा जोरात फुटत असतील तर मध्यम बहरही पुरेसा त्रासदायक ठरतो.

श्वासातून आत गेलेले ब्रेव्हेटॉक्सिन मज्जातंतूंच्या पेशींमधील सोडियमच्या वाटा उघड्या ठेवते, त्यामुळे मज्जातंतू विनाकारण संदेश पाठवत राहतात आणि श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात. किनाऱ्यावर मोजलेले बहुतेक कण ६ ते १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे, म्हणजे तसे मोठे असल्याने ते प्रामुख्याने नाक आणि घशातच अडकतात. म्हणून निरोगी माणसाला ठसका, शिंका, डोळ्यांची चुरचुर आणि नाक वाहणे एवढ्यावर भागते आणि तिथून दूर गेल्यावर थोड्या वेळात बरे वाटते. काही अंश मात्र खाली फुप्फुसांपर्यंत पोहोचतो, आणि दमेकऱ्याच्या आधीच संवेदनशील झालेल्या श्वासनळ्यांना तेवढाही पुरतो. सारासोटा येथे १२ वर्षांवरील ९७ दमेकऱ्यांना रेड टाइडच्या दिवसांत फक्त एक तास किनाऱ्यावर थांबवून त्यांची श्वासक्षमता आधी आणि नंतर मोजण्यात आली, तेव्हा त्यांची लक्षणे वाढलेली आणि श्वासक्षमता घटलेली आढळली. नियमित औषधे घेणाऱ्यांमध्ये हा परिणाम अधिक ठळक होता. याच शहरातील एका रुग्णालयाच्या नोंदी पाहता, २००१ मधील रेड टाइडच्या काळात किनाऱ्यालगत राहणाऱ्यांचे श्वसनविकारांसाठी आपत्कालीन विभागात येण्याचे प्रमाण बहर नसलेल्या २००२ मधील त्याच काळापेक्षा ५४ टक्क्यांनी जास्त होते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. फ्लोरिडा फिश अँड वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन कमिशन हे राज्याचे खाते गेल्या आठ दिवसांतील पाण्याच्या नमुन्यांवरून रोज एक नकाशा प्रसिद्ध करते. त्यात एका लिटरमध्ये १,००० पर्यंत पेशी म्हणजे नेहमीची पातळी, १,००० ते १०,००० म्हणजे अतिशय कमी, १०,००० ते १,००,००० म्हणजे कमी, १० लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी विभागणी असते. ‘कमी’ या शब्दाने फसू नये. श्वसनाचा त्रास ‘अतिशय कमी’ या पातळीलाही संभवतो, आणि ही वर्गवारी पाण्याची आहे, आपल्या फुप्फुसांची नाही. शिवाय नकाशावरचा ठिपका सहा दिवसांपूर्वीच्या नमुन्याचाही असू शकतो, म्हणून नमुन्याची तारीख अवश्य पाहावी. त्याच्या जोडीला नोआ ही अमेरिकी संस्था वाऱ्याचा विचार करून किनाऱ्यागणिक श्वसनत्रासाचा अंदाज देते, आणि सारासोटाच्या मोट मरीन लॅबोरेटरीच्या किनारा-अहवालात त्या दिवशी वाळूवरचे लोक खोकत आहेत का, हेही नोंदवलेले असते. मला ही शेवटची नोंद फार शहाणपणाची वाटते, कारण खोकणारी माणसे हे याबाबतीत कोणत्याही यंत्राइतकेच भरवशाचे मोजमाप आहे.

वाऱ्याचे गणित आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे वाहतात, आणि रात्रीपासून पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. फ्लोरिडाच्या या किनाऱ्याला समुद्र पश्चिमेला असल्याने पश्चिमेचा वारा विषारी तुषार घराकडे आणतो आणि पूर्वेचा वारा ते समुद्राकडे लोटतो. त्यामुळे इतर हवामान शांत असेल तर सकाळ ही दुपारपेक्षा बरी. सूर्यास्त पाहण्याचा मोह मात्र अशा दिवसांत दमेकऱ्याने आवरावा, कारण त्या वेळी खारा वारा बहुधा अजून वाहत असतो. वारा समुद्रावरून येत असेल तर किनाऱ्यावरच्या उपाहारगृहाच्या उघड्या गच्चीत बसणेही वाळूवर बसण्यासारखेच आहे, कारण हे तुषार किनाऱ्यापासून काही किलोमीटर आतपर्यंतही आढळले आहेत.

पाण्याच्या रंगावर किंवा वासावर विसंबू नये. नावात लाल असला तरी समुद्र बऱ्याचदा तपकिरी, हिरवट किंवा नेहमीसारखाच दिसतो. जो दर्प येतो तो मेलेल्या माशांचा. ब्रेव्हेटॉक्सिनला वास नसतो. तेव्हा मासे उचलून किनारा स्वच्छ केला म्हणजे हवा स्वच्छ झाली असे नव्हे. सर्दी नसताना गाडीतून उतरल्याबरोबर दोघातिघांना एकदम ठसका लागला, तर तिथूनच परत फिरावे.

किनाऱ्याजवळच राहत असाल तर खिडक्या बंद ठेवून एसी चालू ठेवावा, त्याची जाळी स्वच्छ असावी, आणि गाडीतही बाहेरची हवा आत घेणारी कळ बंद करावी. मास्कबद्दल सांगायचे तर १९४७ च्या बहराच्या वेळी आल्फ्रेड वुडकॉक या संशोधकाने समुद्राचे हे पाणी तुषारांच्या रूपात हुंगून खोकला येतो हे दाखवले, आणि कापसातून गाळलेल्या हवेने तो येत नाही हेही दाखवले. म्हणजेच त्रासाचे कारण वायू नसून कण आहेत, आणि कण अडवणारा नीट बसणारा एन-९५ मास्क उपयोगी पडतो. पण ज्याला मुळातच धाप लागते त्याला मास्कमधून श्वास घेणे जड जाते, म्हणून घरापासून गाडीपर्यंत जाण्यापुरता तो ठीक. मास्क लावून वाळूवर फेरफटका मारण्याचा हट्ट धरू नये.

औषधांची तयारी भारतातून निघण्यापूर्वीच करावी. रोजचा पंप बरे वाटते म्हणून बंद करू नये, आणि धाप लागल्यावर घ्यायचा पंप बॅगेत नव्हे, खिशात असावा. किनाऱ्यावर जाण्याआधी तो घ्यावा का, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. एक बारीकशी गोष्ट ऐनवेळी फार गोंधळ करते: धाप लागल्यावरच्या पंपातील ज्या औषधाला आपल्याकडे साल्ब्युटामॉल म्हणतात त्यालाच अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणतात. औषधाच्या चिठ्ठीवर ही दोन्ही नावे लिहून घ्यावीत, म्हणजे तिथल्या औषधवाल्याला किंवा डॉक्टरांना समजावताना अडचण येणार नाही. प्रवासाच्या विम्यात जुन्या दम्याचा खर्च धरला आहे की वगळला आहे, हेही आधीच वाचून घ्यावे.

आपल्या किनाऱ्याबद्दल साहजिकच प्रश्न येतो. कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात त्या नॉक्टिल्युका या वेगळ्या जीवामुळे. तो ब्रेव्हेटॉक्सिन तयार करत नाही, त्यामुळे ही चमक पाहायला जाणाऱ्याने वरची खबरदारी घेण्याचे कारण नाही. मात्र २००४ च्या सप्टेंबरमध्ये केरळच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्राकडून आलेल्या दुर्गंधीने अनेकांना, विशेषतः मुलांना, मळमळ आणि धाप लागण्याचा त्रास झाला होता, आणि त्याचा संबंध शैवालाच्या बहराशी जोडला गेला होता. तेव्हा किनाऱ्यावर अनोळखी वास येऊन घसा खवखवू लागला, तर कारण शोधत न बसता वाऱ्याच्या आड व्हावे.

फ्लोरिडात त्रास सुरू झालाच, तर आधी किनारा सोडून बंद जागेत जावे, मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप घ्यावा आणि शांत बसावे. पंपाने आराम पडत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर ९११ ला फोन करावा. स्वतः गाडी चालवत रुग्णालय शोधत जाऊ नये. आराम पडला तरी दमेकऱ्यात लक्षणे पुढचे काही दिवस रेंगाळू शकतात, म्हणून त्या आठवड्यात घरघर, रात्रीचा खोकला आणि पंप किती वेळा लागला याची नोंद ठेवावी, आणि डॉक्टरांकडे जाताना आपण कोणत्या दिवशी, किती वेळ, कोणत्या किनाऱ्यावर होतो हे सांगावे. एरवी ते साध्या सर्दीचे औषध देऊन परत पाठवण्याची शक्यता असते.