काळजाचं हृदय करू नका : लिहिताना या चुका टाळा

तीसेक वर्षं मुद्रितं तपासतोय. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे डिजिटल फलक, सगळं हाताखालून गेलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी आता निमूट दुरुस्त करतो. पण 'काळीज म्हणजे हृदयच की' असं समजून कुणी खाडाखोड केली, की अजूनही डोकं फिरतं.

कोल्हापुरात तरी ही चूक होऊ नये. रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभं राहा. "काळीज घालू काय सर?" असं विचारून दुकानदार तराजूत टाकतो तो गडद तपकिरी, गुळगुळीत तुकडा यकृताचा असतो. संस्कृतात यकृताला 'कालेय' असाही शब्द आहे. त्याचं प्राकृतात 'कालेज्ज' झालं, हिंदीत 'कलेजा' आणि आपल्याकडं 'काळीज'.

हे मला कुणी शिकवलं नाही, मार खाऊन शिकलो. चोविशीत एका छापखान्यात लागलो होतो आणि प्रमाणभाषेचं वारं अंगात होतं. एका महिला बचत गटाची पाककृतींची पुस्तिका आली. त्यात 'काळजाचं सुकं' होतं. मला शब्द गावठी वाटला. कोश उघडायचा कंटाळा केला आणि सरसकट 'हृदय' करून टाकलं. पाचशे प्रती छापून गेल्या : 'पाव किलो हृदय, दोन चमचे कांदा-लसूण चटणी. हृदय स्वच्छ धुऊन त्याचे बारीक तुकडे करावेत. जास्त शिजवू नये, वातड होते.' बकऱ्याचं हृदय मुठीत मावतं. पाव किलोला दोन-तीन बकरी कापावी लागली असती. गटाच्या मावशी छापखान्याच्या दारातूनच म्हणाल्या, "ओ सर, ह्ये हृदयाचं तुकडं कुणाचं करायचं म्हंता?" त्या रात्री पाचशे चिठ्ठ्या कापून खळीनं चिकटवल्या. मालक चहासुद्धा पाजेनात.

आता कुणी म्हणेल, मग 'काळजाचा ठोका चुकला' कसं? यकृताला कुठं ठोका असतो? बरोबर. तिथं काळीज पोटातून छातीत सरकलंय, आणि मराठीनं ते बिनतक्रार चालवून घेतलंय. जुन्या वैद्यकात रक्ताचं मोठं ठाणं यकृतच. चरकसंहितेत रक्तवाही स्रोतसांचं, म्हणजे रक्त वाहून नेणाऱ्या मार्गांचं, मूळ यकृत आणि प्लीहा सांगितलंय. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेनही रक्त यकृतात तयार होतं असं मानायचा. १६२८ साली इंग्रज वैद्य हार्वेनं रक्ताभिसरणाचा ग्रंथ छापल्यावर त्या मताला सुरुंग लागला. फारसीतलं 'जिगर'ही यकृतच, म्हणून जिगरी दोस्त आणि जिगरबाज गडी. रक्त जिथं, तिथंच माया आणि धाडस, असं लोकांनी धरलं असावं, असं माझं मत. म्हणून 'वाघाचं काळीज' असतं, 'काळजाचा तुकडा' असतो. 'काळजी'सुद्धा काळजावरूनच आली. तेव्हा 'काळ' आणि 'जी' असे तुकडे पाडून व्युत्पत्ती सांगणारे निरोप पुढं ढकलू नका.

माझी सवय सांगतो. शब्द बदलून वाक्य मोठ्यानं वाचायचं. 'काळजात चर्र झालं' म्हटलं की होतं. 'हृदयात चर्र झालं' म्हटलं की काही होत नाही. 'काळजाचं पाणी झालं'चं 'हृदयाचं पाणी' केलंत, तर नातेवाईक दवाखाना शोधायला लागतील. तरी शंका उरली तर मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश काढतो. मोबाईलला विचारून दोन सेकंदांत उत्तर हवं असणाऱ्यांनी निदान मटणवाल्याला विचारावं.

दुसरी चूक आतड्याची. एका शाळेच्या निबंधस्पर्धेत वाचलं : 'भारत सामना हरला आणि माझे आतडे तुटले.' पोराचा दोष नाही, मार्गदर्शक पुस्तिकेतून उचललेलं होतं. आतडं तुटतं ते आपल्या माणसासाठी. माझ्या थोरल्याला पुण्याच्या एसटीत बसवलं तेव्हा आमची आई खिडकीची दांडी धरून उभी होती. गाडी हलली तरी सोडेना; कंडक्टर "आज्जी, हात काढा" म्हणाला तेव्हा सोडली. घरी आल्यावर जेवली नाही. "आतडं तुटतंय रे," एवढंच म्हणाली आणि पोटावर हात ठेवला. छातीवर नाही, पोटावर. सामना हरला तर हळहळा, चडफडा, शिव्या द्या. आतडं राखून ठेवा.

'हृदयद्रावक' अपघातात निदान कुणाला तरी लागलेलं असावं. कवितेत 'यकृत' नको. 'पोटात कालवलं' आणि 'पोटात ढवळलं' एक नव्हे. दुसऱ्याला औषधाची गोळी लागते.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक. बायबलातल्या शुभवर्तमानात गर्दी पाहून येशूला दया येते, तिथलं मूळ ग्रीक क्रियापद 'स्प्लांख्ना' म्हणजे आतल्या अवयवांवरून, आतड्या-काळजावरून आलंय. मराठी बायबलमध्ये तिथं 'कळवळा' आहे. पोट दुखलं तरी माणूस कळवळतो, आणि दुसऱ्याचं दुःख बघूनही कळवळतो. परवा एका नव्या मुलानं मुद्रितात तो शब्द खोडून वर 'हृदयस्पर्शी सहानुभूती' लिहिलं होतं. मी त्याला काही बोललो नाही; पाचशे चिठ्ठ्या आठवल्या. 'कळवळा' परत लिहिला आणि रविवारी सकाळी सातला मटणाच्या दुकानासमोर भेट म्हणून सांगितलं.